कापडात किती जीव उरलाय, ते आधी बघा

नागपूरच्या मानेवाडा रोडवरून एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे:

"सासूबाई गेल्या, त्याला वर्ष झालं. दिवाळीच्या आवराआवरीत त्यांची ट्रंक उघडली. आत नऊ सुती साड्या, दोन नऊवारी लुगडी, चार-पाच सिंथेटिक साड्या आणि मामंजींची दोन धोतरं निघाली. फेकवत नाही. मागच्या महिन्यात तीन साड्या घेऊन मशीनवर गोधडी शिवली, खालून नवीन मांजरपाट लावला. पहिल्याच धुण्यात ती आखडून गोळा झाली, आणि दोन ठिकाणी शिलाईच्या रेषेवरच फाटली. मुलांच्या जुन्या जीन्सची भाजीची पिशवी करायला घेतली तर तीन सुया तुटल्या. जानेवारीत लेकीचं बाळंतपण आहे, तिच्यासाठी दुपटी करायची आहेत. गच्चीवर जुन्या कूलरची लोखंडी टाकी पडून आहे, तिचंही काही करता येईल का? घरचे म्हणतात, सगळं बोहारणीला देऊन टाक. काय करू?"

ताई, नमस्कार.

बोहारणीला काय द्यायचं ते पुढे सांगतो, पण ट्रंक सगळीच्या सगळी देऊ नका. तुमची गोधडी बिघडली ती हात वाईट म्हणून नाही. तीन कारणं एकाच वेळी जमून आली, आणि तिन्हींचं मूळ एकच आहे: कोणत्या कापडात किती जीव उरलाय हे न बघता ते एकत्र शिवलं गेलं.

पहिलं कारण मांजरपाट. नवं कोरं सुती कापड पहिल्या धुण्यात मीटरमागे चार-पाच सेंटीमीटर सहज आटतं. सासूबाईंच्या साड्या तीस वर्षं धुऊन धुऊन आटायच्या तेवढ्या आटून बसलेल्या. खालचा थर आखडला, वरचे तसेच राहिले, आणि उरलेलं कापड चुण्या होऊन वर आलं. दुसरं कारण मशीनची बारीक शिलाई. झिजलेल्या साडीवर दोन-दोन मिलिमीटरवर सुई टोचत गेली की भोकांची सरळ रांग तयार होते, आणि टपालाचं तिकीट फाटावं तसं कापड त्याच रेषेवर फाटतं. तिसरं कारण पत्रात नाही, पण चुण्या पडल्या म्हणजे असणारच: कच्चे टाके न घालता थेट पक्की शिलाई मारली.

आता ट्रंकेकडे. शिवायला बसण्याआधी एक अख्खा दिवस फक्त कापड तपासण्यात जाऊ द्या. साडी खिडकीसमोर धरून पदरापासून शेवटपर्यंत सरकवत न्या. जिथे उजेड जाळीसारखा दिसतो तिथे सूत झिजलंय. मग दोन्ही अंगठे शेजारी-शेजारी ठेवून कापड आधी उभं ताणा, मग आडवं. ताणा म्हणजे उभं सूत आणि बाणा म्हणजे आडवं, दोन्ही वेगवेगळे झिजतात, म्हणून दोन्हीकडून बघायचं. घट्ट राहिलं तर ते पहिल्या ढिगात. बारीक चर्र आवाज आला पण फाटलं नाही तर दुसऱ्या. बोटांत फाटलं तर तिसऱ्या. वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेली साडी बहुधा घडीच्या रेषेवर आधी विरते आणि बाकी अंग ठणठणीत असतं, त्यामुळे एका जागी फाटली म्हणून अख्खी साडी तिसऱ्या ढिगात टाकू नका. तेवढा पट्टा कापून काढा. काठाजवळ, जिथे फॉल घासतो तिथे आणि बसण्याच्या भागातही असंच होतं.

कोणती साडी सुती आणि कोणती मिश्र याची शंका असेल तर कडेचा एक धागा ओढून चिमट्यात धरा आणि पाण्याच्या ताटलीवर पेटवा. सुती धागा कागदासारखा वास देऊन जळतो, राख बोटात चुरडली जाते. पॉलिस्टर वितळतं आणि काळा टणक मणी उरतो. मिश्र कापडात थोडी राख, थोडा मणी. मणी उरणारं कापड गोधडीच्या थरांत घालू नका, कारण ते सुती थरांवर सरकतं. गरम भांडी धरायच्या फडक्यांत तर अजिबात नको, ते हातावर वितळतं.

लुगड्यांचं अंग सुती आणि काठ रेशमी असतील तर काठ उसवून किंवा कापून वेगळे काढा. रेशीम आणि सूत सारखं आटत नाही, आणि जाड काठातून सुई नेताना बोटं दुखतात. काठातली जरतार खरी असेल तर कात्री लावण्याआधी इतवारीच्या बाजारात दोन ठिकाणी भाव विचारून या. खऱ्या जरीत सुताच्या किंवा रेशमाच्या धाग्याभोवती धातूची बारीक तार गुंडाळलेली असते. जळताना प्लॅस्टिकसारखी आकसली तर ती नकली. धोतरांच्या टोकाला गिरणीचा शिक्का दिसला तर तेवढा तुकडा मात्र कापून जपून ठेवा. आपल्या गावात एम्प्रेस मिल १८७७ साली सुरू झाली, आता तिचं कापड येत नाही. असा शिक्का नातवंडांना दाखवण्याजोगा आहे.

मग धुणं. जुन्या साडीत खळ असते आणि खळीला कसर लागते, म्हणून आधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवा, मगच साबण. लाल, मरून, गडद निळ्या साड्या वेगळ्या भिजवायच्या. ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून बघा, रंग उतरला तर पाणी निवळेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवा. मूठभर मीठ टाकलं की रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, ते खरं नाही. मीठ रंगवताना कामाचं असतं, त्याने रंग सुताकडे ओढला जातो. एकदा सुटू लागलेल्या रंगाला मीठ थांबवत नाही आणि तुरटीनेही भरवसा नाही. सुटणारा सगळा रंग निघून जाईपर्यंत धुणं, एवढाच उपाय.

दुपट्यांचं आताच सांगतो, कारण यात हयगय नको. ट्रंकेत डांबरगोळ्या होत्या का? असतील तर त्यातलं एकही कापड बाळासाठी वापरू नका, कितीही धुतलं आणि वाळवलं तरी. डांबरगोळ्यांतलं नॅप्थलीन कापडात मुरतं. जी-सिक्स-पीडी नावाच्या एन्झाइमची जन्मजात कमतरता असलेल्या बाळात त्याने रक्तपेशी फुटून कावीळ वाढू शकते, आणि ही कमतरता बाळाकडे बघून कळत नाही. लेकीसाठी तुमच्या स्वतःच्या, उघड्या कपाटात राहिलेल्या मऊ सुती साड्या घ्या. एक मीटर लांबीचे तुकडे, दोन पदरी, कडा दुमडून हाताने शिवलेल्या, गाठ दोन पदरांच्या आत. बटण, लेस, टिकल्या, सुटं सूत काही नको. पहिल्या वापराआधी उकळत्या पाण्यातून काढा. सुती साडीचं ५.५ मीटर कापड आणि १.१५ मीटरचा पन्हा धरला तर एका साडीत दोन पदरी दुपटी दोन होतात आणि दीड मीटर उरतो, त्यात लंगोट काढा.

ट्रंकेतल्या साड्यांची गोधडी घरातल्या मोठ्यांसाठी. आधी त्या दोन-तीन दिवस वाऱ्यावर टाका, गोळ्यांचा वास पूर्ण जाईपर्यंत.

आता माप. एका साडीचे १.८३ मीटरचे तीन तुकडे करा. दोन तुकडे पन्ह्याला पन्हा लावून जोडले की सव्वादोन मीटर लांब आणि १.८ मीटर रुंद असा एक थर होतो, एका माणसाला गुंडाळून घ्यायला पुरेसा. डिसेंबर-जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो तेव्हा चार थर लागतात. चार थरांना आठ तुकडे, म्हणजे तीन साड्यांत चार थर आणि एक तुकडा शिल्लक. त्या शिल्लक तुकड्यातून गोटासाठी, म्हणजे कडेच्या पट्टीसाठी, आठ सेंटीमीटर रुंदीच्या पाच लांब पट्ट्या काढा. परीघ सव्वाआठ मीटरच्या आत आहे आणि पट्ट्या नऊ मीटर होतात, कोपऱ्यांना दुमडायला पुरतं. नऊवारीतून असे चार तुकडे निघतात. उन्हाळ्यात कूलरसमोर अंगावर घ्यायला मात्र दोनच थर करा. चार थरांची गोधडी मे महिन्यात कोणी अंगावर घेणार नाही.

पहिल्या ढिगातलं कापड वर आणि खाली, दुसऱ्या ढिगातलं आत. धोतरं आतच घाला. गोट तर सगळ्यांत मजबूत कापडाचा हवा, कारण गोधडी आधी कडेला झिजते. थरांचे जोड एकावर एक आले की मधोमध उंचवटा येतो आणि घड्या घालताना तिथेच विरते. म्हणून एका थरात जोड मध्ये ठेवा, त्याच्या पुढच्या थरात एक तुकडा उभा चिरून दोन बाजूंना लावा आणि अख्खा तुकडा मध्ये. आतल्या थरांना शिलाईची गरज नाही. दोन सेंटीमीटर एकावर एक चढवून टाचा, पुढे धावदोरा त्यांना धरतो.

फरशी पुसून, वाळवून खालचा थर उलटा पसरा आणि चारही कोपरे चिकटपट्टीने फरशीला पक्के करा. एकेक थर पसरून मधून कडेकडे हाताने सपाट करत जा. आता कच्चे टाके: सुरुवात मधोमध, आधी अधिकाच्या चिन्हासारख्या दोन ओळी, मग दर १५-२० सेंटीमीटरला एक ओळ, टाका चार-पाच सेंटीमीटरचा. याला दोन-अडीच तास लागतात आणि हे टाळावंसं वाटतंच. टाळू नका. गोधडी सपाट होते ती इथेच, पुढे नाही.

पक्का धावदोरा हातानेच घाला. टाका पाच-सहा मिलिमीटरचा, ओळींमध्ये तीन सेंटीमीटर अंतर. हातभरापेक्षा लांब दोरा घेतला की तो पिळतो, गाठी पडतात आणि शेवटी सूत सुटतं. सुई लांब आणि नेढं मोठं असलेली. दोरा जाड सुती, दुहेरी, मेणाच्या तुकड्यावरून एकदा ओढलेला. गांधीबाग-इतवारीत दोऱ्यांच्या दुकानात गोधडीचा दोरा म्हणून मागितला तरी कळतं. सव्वादोन मीटरच्या साठ-एकसष्ट ओळी होतात, दुहेरी दोरा धरून सव्वातीनशे मीटर लागतो. साडेतीनशे मीटर एकाच वेळी घ्या, नंतर आणलेल्या लडीचा रंग क्वचितच जुळतो. एक ओळ पंधरा-वीस मिनिटांची, म्हणजे एकूण पंधरा ते वीस तास. रोज तासभर बसलात तर तीन आठवड्यांत होते.

ओळीही मधूनच सुरू करून बाहेरच्या बाजूला नेत जायच्या. कडेपासून आत फेऱ्या मारत येणाऱ्या बायका आपल्याकडे आहेत आणि त्यांच्या गोधड्या सुंदर होतात, पण त्यांचा डावा हात प्रत्येक टाक्याला कापड पुढे सारत असतो. तो हात बसलेला नसेल तर सगळी ढिलाई शेवटी मध्ये येऊन फुगा होतो. दोरा ओढून घट्ट करू नका, कापड सपाट राहील इतकाच ताणा. दर ओळीच्या शेवटी तळहाताने चाचपून बघा. चुणी पडलेली असेल तर तीच ओळ उसवा, कारण पुढच्या दहा ओळींनंतर उसवणं जिवावर येतं. गोधडी पूर्ण झाल्यावर चारही बाजूंनी थोडी आखडते, ते ठीकच आहे.

मशीनवरच करायची असेल तर फक्त पहिल्या ढिगातलं कापड घ्या, टाका चार मिलिमीटरचा, कापड दाबून धरणाऱ्या पायाचा दाब ढिला, आणि सगळ्या ओळी एकाच दिशेने. एक ओळ वरून खाली, दुसरी खालून वर मारली की वरचा थर दोन्ही दिशांना सरकतो आणि तिरक्या चुण्या पडतात.

बिघडलेली गोधडी वाया गेली असं धरू नका. मांजरपाट पूर्ण उसवून काढा. आता तो धुऊन आटलेला आहे, त्याच्या उशांच्या अभ्र्यांना छान अस्तर होईल. फाटलेल्या रेषेवर ठिगळ लावताना ते फाटलेल्या जागेपेक्षा चारही बाजूंनी तीन-चार सेंटीमीटर मोठं घ्या, म्हणजे टाके मजबूत कापडात बसतील. अगदी भोकाएवढं ठिगळ लावलं की महिन्यात त्याच्या कडेने नवीन भोक पडतं.

तिसऱ्या ढिगातल्या साड्यांचं पायपुसणं करा. उभं ओढून फाटणारं कापडसुद्धा पट्टी करून वेणी घातली की भार सोसतं, कारण पीळ बसल्यावर एकेका धाग्यावर ताण राहत नाही. पाच सेंटीमीटरच्या पट्ट्या, तीनपदरी वेणी, एका साडीत एक चांगलं मोठं पायपुसणं. वेणी गोल गुंडाळत जाड दोऱ्याने शिवा, पण मांडीवर घेऊन नाही, टेबलावर किंवा पाटावर सपाट ठेवून. वळणावर वेणी ताणली की पायपुसणं वाटीसारखं वर उचलतं, आणि जास्त सैल सोडली की कडेला लाटा येतात. वाटी होऊ लागली तर शेवटच्या दोन फेऱ्या उसवून वळणावर थोडी जास्त वेणी सरकवा.

त्या जीन्सकडे वळतो. घरगुती मशीनला साधारण १४ नंबरची सुई असते. डेनिमला १६, आणि जाड जोडावर १८ लागते. तुमच्या सुया बहुधा मांडीच्या आतल्या दुहेरी शिलाईवर तुटल्या असतील, तिथे दुमडून एकावर एक सहा-आठ थर येतात. सुई तिथे अडते, आपण मागून कापड ओढतो, सुई वाकते आणि खालच्या पट्टीवर आपटून तुटते. म्हणून कापड कधी मागून ओढू नका. तो जोड खलबत्त्याच्या बत्त्याने ठोकून चपटा करा, आणि तेवढे चार टाके चाक हाताने फिरवून घाला. मशीनचा पाय पुढून उचलला जात असेल तर मागे डेनिमचीच एक घडी सरकवून तो समपातळीत आणा. तांब्याच्या बटणांच्या जवळ सुई नेऊ नका.

पिशवीसाठी दोन्ही पाय आतल्या जोडावर उसवून उघडा आणि मांडीच्या भागातून ४२ बाय ४५ सेंटीमीटरचे दोन तुकडे काढा. पट्टे ६० सेंटीमीटर लांब आणि १० रुंद, चारपदरी दुमडून अडीच सेंटीमीटरचे. पिशवी फाटते ती तळाला कमी आणि पट्टा लावला तिथे जास्त, म्हणून पट्ट्याचं टोक काठाखाली पाच सेंटीमीटर उतरवून चौकोन शिवा आणि त्यात फुली मारा. तळाला दोन शिलाया, कोपरे आठ सेंटीमीटरचे आडवे शिवून टाका म्हणजे पिशवी उभी राहते. ताणणाऱ्या, लायक्रा मिसळलेल्या जीन्सचे पट्टे करू नका. कॉटन मार्केटमधून पाच-सहा किलो संत्री आणली की ते लांबतात आणि पिशवी गुडघ्याला लागते.

सिंथेटिक साड्या पाणी शोषत नाहीत, त्यामुळे पुसायच्या कामाच्या नाहीत. धड असलेल्या साड्या आणि चांगली सिंथेटिक शर्टं-पॅंट खुशाल बोहारणीला द्या. ती ते पुढे विकते, कोणी तरी ते अंगावर घालतो, आणि याहून चांगला वापर तुमच्या-आमच्या हातून होणार नाही. आधी धुऊन घडी घालून ठेवा, भांडं चांगलं मिळतं. एखादी फाटकी साडी मात्र राहू द्या. पावसाळा संपल्यावर कूलर बंद करून ठेवताना ती दुहेरी गुंडाळली की धूळ आत जात नाही आणि हवाही खेळती राहते. प्लॅस्टिकच्या कागदाखाली आतली ओल कोंडून पत्रा गंजतो.

राहिली गच्चीवरची टाकी. आत काळा डांबराचा लेप असेल तर त्यात खायची भाजी लावू नका, शेवंती-झेंडू लावा. लेप नसेल तर पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) सगळं येईल, वीस सेंटीमीटर माती पुरते आणि आत्ताचा हंगाम त्यालाच आहे. तळाला आठ-दहा मिलिमीटरची आठ-दहा भोकं पाडा, टाकी विटांवर उचलून ठेवा. गंजाचे पापुद्रे तारेच्या ब्रशने काढा, हातमोजे घालून. ६० बाय ६० बाय २५ सेंटीमीटरची टाकी भरली की ओल्या मातीसह शंभर किलोच्या वर जाते, म्हणून ती गच्चीच्या मधोमध नाही तर तुळईवर किंवा भिंतीलगत ठेवा, आणि भरण्याआधीच जागेवर न्या. मार्चपासून पत्रा तापून कडेची मुळं भाजतात. भरतानाच आतून चारही बाजूंना जुन्या पोत्याचं अस्तर लावा, आणि उन्हाळ्यात पश्चिमेकडच्या अंगावर ती उरलेली सिंथेटिक साडी बांधा.